ट्रक दादाचा, ट्रॉली माझी

वाटण्या झाल्या तेव्हा मामानं ट्रक दादाला दिला आणि ट्रॉली मला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर आमच्या घरातली मांडवली त्यानंच केली. ट्रक म्हणजे वडिलांनी लष्कराच्या लिलावातून आणलेली पेट्रोलची जुनी गाडी. पुढे लांब नाक, मागे ताडपत्रीचा हौदा, दारं बंद करताना दोनदा आपटावी लागायची. आमच्या राहनाळ गावात सगळे तिला मिल्ट्री म्हणायचे. ट्रॉली म्हणजे दोन चाकांचा ट्रेलर आणि त्यावर बसवलेला डिझेलचा जनरेटर. लग्नाचा मांडव असो, सत्यनारायण असो, नाहीतर लाइट गेल्यामुळे अडकलेला लूमचा कारखाना असो, वडील मिल्ट्रीच्या हुकाला ट्रॉली अडकवायचे आणि जनरेटर नेऊन उभा करायचे. आमचं घर बऱ्याच अंशी त्यावर चाललं.

एकाच्या हातात ओढणारं आणि दुसऱ्याच्या हातात ओढलं जाणारं, अशी वाटणी मामानं मुद्दाम केली की दोन वस्तू आणि दोन भाचे दिसले म्हणून केली, ते मला आजही सांगता येणार नाही. मामा त्या दिवशी थकला होता आणि त्याला परतीची एसटी गाठायची होती.

दादाचं आणि माझं बोलणं त्याआधीच बंद झालं होतं. रस्त्याकडेचं शेत गोडाऊनवाल्याला विकायचं की भाड्यानं द्यायचं यावरून ते झालं. दादानं त्याचा हिस्सा विकला. गोडाऊनची भिंत उभी राहिली आणि भिंतीमागच्या माझ्या तुकड्याला रस्ताच राहिला नाही. यात कोणाचं किती चुकलं याचा हिशेब गावानं आपापल्या परीनं केला. आम्ही दोघांनी केला नाही, कारण त्यासाठी समोरासमोर बसावं लागलं असतं.

धंदा मात्र बंद करून परवडणारं नव्हतं. मी एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, ड्युटी शिफ्टची. जनरेटरची गिऱ्हाइकं माझ्या फोनवर यायची. ट्रक दादाकडे होता. मग वहिनी मध्ये आली. मी तिच्या ओट्याशी जाऊन सांगायचो, ‘वहिनी, परवा काल्हेरला हळद आहे, दुपारी पोचायला हवं.’ ती आत जाऊन सांगायची, आतून दादाचा आवाज मला स्पष्ट ऐकू यायचा, आणि तरी ती बाहेर येऊन तेच पुन्हा सांगायची, ‘येतो म्हनतात, भाऊजी.’ तिनं कधी यावर हसूनही दाखवलं नाही की वैतागूनही दाखवलं नाही.

दादा ट्रक चालवायचा. मी केबिनमध्ये बसत नसे. मी माझ्या मोटारसायकलवर ट्रॉलीच्या मागे चालायचो. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं की ट्रकच्या आरशात मला दादाचा अर्धा चेहरा दिसायचा आणि त्यालाही माझा दिसत असणार. मुक्कामी पोचल्यावर तो हुकाची पिन काढायचा, ट्रॉली सोडायचा आणि ट्रक लांब झाडाखाली लावून झोपायचा. केबल ओढणं, जोडणं, मशीन चालू करणं हे माझं काम. कार्यक्रम आटपला की तो यायचा आणि पिन लावायचा. अशी काही वर्षं गेली. लोकांना वाटायचं, तो भाड्यानं बोलावलेला ड्रायव्हर आहे.

मग पेट्रोल बदललं.

बदललं ते एकदम कोणाच्या लक्षात आलं नाही. पंपावर छोटी पाटी लागली की आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे उसापासून, धान्यापासून काढलेलं अल्कोहोल. नव्या गाड्या त्या हिशेबानं बनवलेल्या असतात. माझ्या मोटारसायकलला काही झालं नाही, थोडं अ‍ॅव्हरेज कमी झालं एवढंच. मिल्ट्री मात्र सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. ट्रॉली मागे नसताना बरी चालायची. ट्रॉली जोडून चढाला लागली की धापा टाकायची, मध्येच दम सोडायची आणि पुन्हा उचल खायची. मागून मला ते आधी कळायचं, कारण धक्का बसला की ट्रॉलीचा दांडा ठणठणायचा.

भिवंडीत दादाचा ठरलेला मेकॅनिक होता, लूमवाल्यांच्या वस्तीत गॅरेज असलेला, उत्तरेकडून येऊन इथंच म्हातारा झालेला. त्यानं टाकी उतरवली तेव्हा मीही तिथं होतो, दादापासून चार हात लांब. टाकीतून तांबडा गाळ निघाला. मेकॅनिक म्हणाला, ‘चालीस साल का जंग बैठा था अंदर. ये नया पेट्रोल सब धो के निकाल रहा है. जंग फिल्टर में जाएगा, और रबर फूलेगा. पाइप, पंप का परदा, सब नया डालो. और माल खींचना है तो कार्बोरेटर का जेट भी बदलना पड़ेगा, नहीं तो इंजन गरम रहेगा.’

दादानं पाइप बदलायला सांगितले. पंपाला हात लावू दिला नाही. तो मूळचा लष्कराचा पंप होता, वडिलांनी एकदाही न उघडलेला. मेकॅनिकनं खांदे उडवले.

दादाला या सगळ्याचा राग आला होता आणि तो राग तो गावात वाटत फिरायचा. पारावर म्हणायचा, ‘ऊसवाल्यांचं भलं होतंय, चांगलं हाय. पन माझ्या गाडीला दारू कशाला पाजता? बापानं कवा पाजली न्हाय.’ लोक हसायचे. मी वहिनीकडे निरोप दिला की पंपही बदलून घ्या, नाहीतर मला जनरेटर त्या ट्रकला जोडायची भीती वाटते. आतून आवाज आला, ‘त्याला सांग, मोटारसायकलला बांधून ने.’ वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, ‘बघतो म्हनतात.’

ट्रॅक्टरवाले मिळत होते, पण लग्नसराईत ऐन वेळी मिळत नाहीत, आणि मिळाले तर ट्रॉली अशी हाणतात की जनरेटरचे बोल्ट ढिले होतात. मी ते करून पाहिलं होतं. त्यामुळे तसंच चालू राहिलं.

मे महिन्यात अंबाडीच्या पलीकडे, वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका गावात लग्नाचं काम होतं. मुहूर्त दुपारचा. वीज जात-येत होती म्हणून मांडवातले पंखे, कूलर आणि लाउडस्पीकर सगळं आमच्या जनरेटरवर ठरलं होतं. आम्ही सकाळी निघालो तरी ऊन आधीच चढलं होतं. वाडा रोडचं काम चालू होतं, धूळ उडत होती आणि कंटेनरच्या रांगेमागे मिल्ट्रीला पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच रखडत जावं लागत होतं. अंबाडी यायच्या आधी एका चढावर ती बंद पडली.

दादा उतरला, बॉनेट उघडलं. मी मोटारसायकल लावून ट्रॉलीच्या चाकांमागे दगड ठेवले. पेट्रोल गरमीनं वाफ होऊन पंपात अडकलं होतं. हे त्या उन्हाळ्यात आधीही झालं होतं. त्यावर दादाचा उपाय म्हणजे ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि थांबायचं. त्यानं फडकं काढलं आणि इकडेतिकडे पाणी शोधलं. माझी बाटली मी बॉनेटच्या काठावर ठेवली. त्यानं ती घेतली, अर्धी फडक्यावर ओतली आणि झाकण लावून परत तिथंच ठेवली. आम्ही दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली.

अंबाडी नाका ओलांडून आम्ही वळलो. त्या रस्त्याला एका बाजूला वीटभट्ट्या आहेत. मी ट्रॉलीच्या मागे होतो आणि मला पेट्रोलचा वास आला. आधी वाटलं पुढच्या टेम्पोचा असेल. मग डांबरावर ओले थेंब दिसले, एकामागोमाग एक, मिल्ट्रीच्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला. ऊन इतकं होतं की थेंब माझ्या देखत सुकत होते. मी हॉर्न वाजवला. दादानं आरशात पाहिलं आणि हात बाहेर काढून मला पुढे जायची खूण केली. त्याला वाटलं मला ओव्हरटेक करायचंय.

मी गाडी त्याच्या दारापर्यंत नेली आणि ओरडलो, ‘दादा, थांब! पेट्रोल गळतंय!’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला आठवतं, त्याच्या चेहऱ्यावर गळतीची काळजी नव्हती. मी बोललो याचंच त्याला नवल वाटलं होतं. मग त्यानं ब्रेक दाबला. ट्रक थांबेपर्यंत बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला होता.

तो उतरून सरळ पुढे गेला. मी म्हणालो, ‘बॉनेट उघडू नको.’ त्यानं ऐकलं नाही, किंवा त्याला ऐकू गेलं नाही. बॉनेट वर झालं आणि आत वारा शिरला तशी ज्वाळा भसकन बाहेर आली. दादाचा उजवा हात त्यात सापडला. तरी तो मागे हटेना. उघड्या दारातून डाव्या हातानं सीटवरचं गोणपाट ओढून आणलं आणि इंजिनवर हाणू लागला. मी त्याला मागून कमरेला मिठी मारून ओढलं. तो माझ्यापेक्षा जड आहे. आम्ही दोघेही रस्त्याच्या कडेला पडलो.

‘सोड मला,’ तो म्हणाला. ‘गाडी जळेल.’

‘जळू दे.’

‘जनरेटर हाय मागं. डिझेल हाय त्यात.’

ते खरं होतं. मी उठून मागे पळालो. भट्टीवरची माणसं धूर बघून धावत आली होती, बायका पुढे, डोक्यावर घमेली. भट्टीची राख-माती तिथं ढिगानं होती. दोघी बायका आधी पोचल्या आणि त्यांनी घमेली थेट इंजिनवर पालथी केली. मग बाकीचे आले. मी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, पिन उपसली, आणि चार-पाच जणांनी दांडा धरून, दगड सरकवत सरकवत, ट्रॉली मागे भट्टीच्या आवारात नेली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा आग विझली होती. बॉनेटखाली राखेचा ढीग होता आणि दादा त्याच्यासमोर उभा होता, उजवा हात शरीरापासून लांब धरून, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

भट्टीच्या मुकादमानं आम्हाला गवतानं शाकारलेल्या झापात बसवलं. एका बाईनं माठातलं पाणी आणून दादाच्या हातावर धार धरली. ती ओळख ना पाळख, पण त्याला दटावत होती, ‘हलू नको रं. हलतो कशाला?’ दादा हलला नाही. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी लाल झाली होती आणि दोन ठिकाणी सुटली होती.

माझा फोन वाजत होता. मुलीकडचे लोक होते. मी घडलं ते सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘माणसं बरी हायत ना? मग बघा कसं जमतंय ते.’

दादा म्हणाला, ‘तू जा. मुकादमाचा ट्रॅक्टर हाय, त्याला ट्रॉली लाव आणि जा. लोक खोळंबलेत.’

‘आणि तू?’

‘मी बसतो गाडीपाशी.’

‘हात दाखव.’

‘हात काय बघायचा? भाजलाय.’

‘वज्रेश्वरीला डॉक्टर असेल. चल, मागे बस.’

‘ट्रॉली?’

‘ट्रॉली माझी हाय,’ मी म्हणालो. ‘तिचं काय करायचं ते मी बघीन.’

मी मुकादमाला म्हणालो, ट्रॅक्टरनं ट्रॉली मांडवापर्यंत पोचवा, सावकाश न्या, मी पाठोपाठ येतो. त्यानं होकार दिला. दादा माझ्या मोटारसायकलवर मागे बसला. उजवा हात त्यानं ओल्या पंच्यात गुंडाळला होता, डावा माझ्या खांद्यावर ठेवला. खड्डा आला की बोटं आवळली जायची. रस्ताभर आम्ही काही बोललो नाही. पण हे न बोलणं आधीच्यासारखं नव्हतं; त्याला दुखत होतं आणि मला रस्ता बघायचा होता.

डॉक्टरबाईंनी हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली आणि इंजेक्शन दिलं. त्यांनी विचारलं, ‘कशानं भाजलं?’ दादा म्हणाला, ‘दारूनं.’ त्या दचकल्या. मला हसू आलं. मग मी त्यांना समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की दादाही ऐकतोय, पंपातला रबरी पडदा, त्याचं फुगणं, गळती. मी त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. निरोपात एवढं मावत नाही.

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. ट्रॉली आमच्या थोडी आधी आली होती आणि कोणाला मशीन सुरू करता येत नव्हतं. मुहूर्त टळू नये म्हणून त्यांनी लाउडस्पीकरशिवायच लग्न लावलं होतं. भटजींनी आणि चार बायकांनी मंगलाष्टका नुसत्या गळ्यानं म्हटल्या आणि मागच्या लोकांनी अंदाजानं अक्षता टाकल्या. मुलीचे काका मला म्हणाले, ‘पहिल्यांदाच शब्द ऐकू आले.’ तो टोमणा होता की कौतुक, मला कळलं नाही. मी केबल जोडली, मशीन चालू केलं, पंखे फिरले. जेवणाच्या पंगती वाऱ्यात झाल्या. दादाला त्यांनी खुर्ची दिली आणि डाव्या हातानं जेवता येईल असा चमचा दिला. त्या दिवशी तो झाडाखाली झोपायला गेला नाही. मशीनजवळ बसून राहिला आणि आवाज बदलला की माझ्याकडे बघायचा.

ट्रक दुसऱ्या दिवशी टोचन लावून भिवंडीला आणला. वायरिंग जळालं होतं, बाकी इंजिन वाचलं होतं. मेकॅनिकनं पंप उघडून पडदा बाहेर काढला. तो पापडासारखा फुगून मध्ये चिरला होता. मेकॅनिकनं तो नुसता दादाच्या डाव्या तळहातावर ठेवला. दादानं तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘सगळं रबर बदला. जेट पन.’

बदललं सगळं. नवी वायर, नवा पंप, नव्या पेट्रोलला चालणारे पाइप, टाकी आतून साफ. मिल्ट्री सुरू झाली आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा शांत चालू लागली. त्याच पेट्रोलवर, त्याच पंपावरच्या. पारावर दादाचं भाषण बंद झालं. कोणी विषय काढला तर तो म्हणायचा, ‘पेट्रोलचा दोष न्हाय. जुन्या रबराला ते मानवत न्हाय, एवढंच.’

पण ट्रॉली त्यानं पुन्हा तिला जोडली नाही. मीच विचारलं, ओट्यावर बसून, वहिनी चहा देत असताना.

‘आता ठीक हाय ना गाडी? जोडायची का?’

‘रिकामी चालवीन,’ तो म्हणाला. ‘ओढायला न्हाय लावणार.’

‘का?’

‘मागं तू असतोस.’

वहिनीनं कप खाली ठेवले आणि ती आत गेली. मी चहा प्यालो.

पावसाळ्यानंतर आम्ही डिझेलचा एक जुना पिकअप घेतला, दोघांच्या नावानं. मागे हूक बसवून घेतला, पासिंग करून घेतलं. दादाच्या हाताची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत, त्यामुळे लांबच्या रस्त्याला मी चालवतो आणि तो बाजूला बसतो. बसल्या बसल्या ब्रेक मारतो. आम्ही मुख्यतः रस्त्याबद्दल बोलतो: कुठला कंटेनर कसा घुसला, कशेळीला आज किती तुंबलंय. शेताच्या तुकड्याचा विषय अजून कोणी काढलेला नाही. तो निघेल किंवा नाही निघणार.

मिल्ट्री दादानं यंदा विकली. जुन्या लष्करी गाड्या जमवणारा नाशिककडचा एक माणूस आला होता. दादानं त्याला बॉनेट उघडून एकेक रबर दाखवलं, कुठं काय बदललंय ते सांगितलं, आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका, हे पेट्रोल पाणी धरतं, असंही दोनदा बजावलं. त्या माणसानं ऐकून घेतलं. मग तो केबिनमध्ये चढला, दार दोनदा आपटलं आणि निघाला.

गोडाऊनच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं गिअर बदलला आणि गाडी झपकन पुढे गेली, वळणावर दिसेनाशी झाली.

‘रिकामी अशी पळते हे ध्यानातच न्हवतं,’ दादा म्हणाला.

मग तो पिकअपचं मागचं टायर बघायला खाली वाकला, कारण त्यात हवा कमी वाटत होती आणि संध्याकाळी आम्हाला कोन गावाला जायचं होतं.